जुन्या इमारतीतला संडासाचा पाइप: ओळखायचा कसा आणि नवा पाइप त्याला जोडायचा कसा

संडास नव्याने करायला काढला की घरात चर्चा होते ती टाइल्सची आणि कमोड जमिनीवरचा की भिंतीवरचा याची. हे सगळं शेवटी ज्या पाइपाला जोडायचं, तो कशाचा आहे हे कुणी बघत नाही. मिस्त्री पॅन फोडतो, मागे काळं भोक दिसतं आणि मग दुकानाकडे पळापळ सुरू होते. 'चार इंची' म्हणून आणलेला पीव्हीसीचा पाइप बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाइपाच्या सॉकेटात (फुगीर तोंडात) खुळखुळतो. फट सिमेंटने बुजवतात, वरून एमसील थापतात, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत खालच्यांच्या छताला पिवळा डाग उमटतो.

दादरच्या आमच्या इमारतीत कमिटीवर असल्यामुळे ही कामं बऱ्याच घरांत जवळून बघितली, आमचं घरही त्यात आलं. मुंबई-पुण्यातल्या जुन्या तीन-चार मजली इमारतीत, जिथे मैल्याचा उभा पाइप मागच्या भिंतीवरून किंवा डक्टमधून खाली चेंबरला जातो, तिथे राहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. काम प्लंबरच करणार. पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं आणि काय करू द्यायचं नाही, हे तुम्हाला माहीत हवं.

१. कागद आणि परवानगी

उभा पाइप सगळ्यांचा असतो. त्याला हात लावण्याआधी सोसायटीचं लेखी पत्र घ्या. पागडीची इमारत असेल तर मालकाचं घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) बाहेरच्या सामाईक ड्रेनेज लाइनच्या गळतीचा खर्च सोसायटीचा आणि घरातल्या संडास-सिंकच्या गळतीचा सभासदाचा. भांडण होतं ते घरातला आडवा पाइप उभ्याला जिथे मिळतो त्या जोडावरून. तो जोड कुणाच्या खात्यात, हे पत्रातच लिहून घ्या.

जवळ ठेवायचे कागद:
- सोसायटीचं किंवा मालकाचं पत्र
- प्लंबरच्या परवान्याची प्रत
- मिळाला तर इमारतीचा ड्रेनेजचा जुना नकाशा
- खालच्या घराच्या छताचे काम सुरू होण्याआधीचे फोटो, त्यांच्या देखत काढलेले

शेवटच्या फोटोंना कमी लेखू नका. छतावरचा डाग आधीचा की नंतरचा, हा वाद फोटो नसेल तर मिटत नाही.

२. कुठला पाइप कुठे जातो

जुन्या इमारतींत बहुतेक ठिकाणी दोन वेगळे उभे पाइप सापडतात. एक संडासाचा, तो थेट चेंबरला जातो. दुसरा मोरीचा आणि स्वयंपाकघराचा, तो खाली गली ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवायला पाणी उभं राहतं अशा वळणात, सुटतो आणि तिथून चेंबरला. कधी बाजूने तिसरा, बारीक पाइप दिसतो आणि तो गच्चीच्या वर जाऊन उघडा राहतो. तो हवेचा. त्याला 'जास्तीचा' समजून काढू नका. वरच्या मजल्यावरून मोठं पाणी खाली आलं की खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेलं जाऊ नये, यासाठी तो ठेवलेला असतो.

खात्री करायची सोपी रीत अशी. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ मिसळा, पॅनमध्ये ओता आणि खाली एकाला चेंबरचं झाकण उघडून बाजूला उभं करा. निळं पाणी कुठल्या तोंडातून आलं ते कळतं. मग तसंच मोरीतून करा. चेंबरमध्ये मात्र कुणालाही उतरवू नका, 'दोनच मिनिटं' म्हणूनही नाही. तिथल्या वायूने माणूस ओरडायच्या आत पडतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

या पायरीवर लोक हमखास एक शॉर्टकट घेतात. मोरीचा पाइप लांब पडतो म्हणून नहाणीचं पाणी जवळच्या संडासाच्या पाइपात सोडून देतात. मध्ये नीट ट्रॅप नसेल, किंवा असलेल्या ट्रॅपमध्ये निदान ५० मिलिमीटर पाणी उभं राहत नसेल, तर मोरीतून वास आणि झुरळं दोन्ही येणार. प्लंबर 'काही होत नाही' म्हणाला तरी ऐकू नका.

३. पाइप कशाचा आहे

बाहेरून सगळ्या पाइपांना एकच ऑइलपेंट मारलेला असतो. रंगावरून काही ठरवू नका. पुढच्या चाचण्या याच क्रमाने करा. क्रमाला कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर बीड किंवा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. बिडाचा पाइप जाड असतो, त्याला फुगीर सॉकेट असतं, अंग खरबरीत असतं. जीआय गुळगुळीत असतो, जोडाला आटे असतात आणि तो बहुधा बारीक पाण्याच्या लाइनीत दिसतो.

मग पान्याने हलकेच ठोका. धड बीड घंटेसारखं वाजतं. तेच चिरलेलं असेल तर आवाज बसका येतो. चुंबक चिकटत नाही आणि आवाज ठस्स येतो, तर बहुधा एसी पाइप, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा. पोकळ, हलका आवाज आला तर पीव्हीसी.

तिसरं, जोड बघा. बिडाच्या सॉकेटात वरून शिसं ओतलेलं असतं. चाकूच्या टोकाने खरवडलं की चांदीसारखं चमकतं. शिशाच्या खाली तागाचा पीळ ठासलेला असतो. एसी पाइपाचा जोड राखाडी सिमेंटचा आणि जाडजूड. तपकिरी, काचेसारखी झिलई असलेले, दोन-तीन फुटी तुकडे म्हणजे स्टोनवेअर, आपल्याकडे ज्याला चिनी मातीचा पाइप म्हणतात तो. हा घरात नाही, जमिनीखाली चेंबर ते चेंबर सापडतो. क्वचित जुन्या पॅनच्या मागे किंवा फ्लशच्या टाकीखाली निव्वळ शिशाचा तुकडा निघतो. तो नखाने ओरखडतो आणि हाताने वाकतो.

खरवडून बघायचं ते सगळ्यात शेवटी, आणि चुंबक चिकटला असेल तरच. एसी पाइप खरवडला, घासला किंवा ग्राइंडरने कापला की अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यातून होणारा कॅन्सर कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो. मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून कापायला बसतो, त्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत.

एकाच उभ्या पाइपात दोन-तीन प्रकार सापडले तर नवल मानू नका. आमच्या इमारतीत तळमजल्यापासून दुसऱ्यापर्यंत बीड आणि वर एसी निघाला, मध्ये कुणीतरी पीव्हीसीचा तुकडा घातलेला. म्हणून ओळख पटवायची ती तुमच्या मजल्यावर, आणि तुमच्या जोडाच्या वरचे आणि खालचे दोन-तीन फूट तपासून.

४. पाइपाची तब्येत

बिडाचा पाइप पुढून ठणठणीत दिसतो, सडतो तो मागून. भिंतीकडच्या बाजूला रंगाचा ब्रश पोचत नाही, ओल मात्र पोचते. हात मागे घालून चाचपा, किंवा मोबाइलचा कॅमेरा मागे सरकवून फोटो काढा. उभी तडा गेलेली रेघ, गंजाचे पापुद्रे आणि जोडातून उगवलेलं पिंपळाचं रोप या तीन गोष्टी शोधा. पिंपळ दिसला की तो जोड उघडलाच म्हणून समजा, कारण मुळं पाण्याच्या वासावर आत गेलेली असतात. रोप वरून कापून काही होत नाही.

आडवा बिडाचा पाइप तळातून झिजतो. पॅन काढल्यावर आत टॉर्च मारून तळ बघा, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जरा दाबून बघा. टोक रुतलं तर त्या पाइपाला नवा जोड देण्यात अर्थ नाही, तो तुकडा उभ्या पाइपापर्यंत काढून टाका. वर्षानुवर्षं अ‍ॅसिड ओतून साफ केलेल्या संडासात हे हटकून दिसतं.

५. माप

गोंधळ इथे होतो. बिडाचा चार इंची म्हणजे आतून सुमारे १०० मिलिमीटर. पीव्हीसीचा ११० म्हणजे बाहेरून ११०. दुकानदार दोन्हीला 'चार इंची'च म्हणतो.

पाइपाभोवती सुतळी गुंडाळा, लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. बाहेरचा व्यास मिळाला. सुतळी ३४५ मिलिमीटर भरली तर व्यास ११०. बिडाचा चार इंची पाइप बाहेरून बहुधा ११० च्या आसपासच भरतो, रंगाच्या आणि गंजाच्या थरांमुळे दोन-चार मिलिमीटर जास्त. म्हणजे बीड आणि पीव्हीसी यांची सपाट टोकं बाहेरून जवळपास सारखी असतात, पण बिडाचं सॉकेट पीव्हीसीला फार मोठं होतं. चारी बाजूंनी आठ-दहा मिलिमीटर फट राहते. एसी आणि स्टोनवेअरची भिंत जाड, त्यामुळे त्यांचा बाहेरचा व्यास अजून मोठा. अंदाजावर जाऊ नका. मापं चिठ्ठीवर लिहून आणि पट्टी लावून काढलेला फोटो घेऊनच दुकानात जा.

६. सामान

- पीव्हीसीचा एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा) पाइप. त्यावर आयएस १३५९२ आणि 'टाइप बी' छापलेलं बघा. 'टाइप ए' पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेसाठी असतो, मैल्यासाठी नाही. दुकानदार स्वस्त म्हणून तोच पुढे करतो
- फ्लेक्झिबल रबर कपलिंग, म्हणजे दोन पाइपांच्या टोकांवर चढणारी रबरी बाही, दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या असलेलं, तुमच्या मापाचं
- रबर रिंगा आणि रिंगेला लावायचं वंगण. तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं
- झाकणाचा, म्हणजे 'डोअर'वाला, बेंड किंवा टी
- क्लॅम्प, हॅकसॉ, छिन्नी, कानस, लेव्हलची नळी
- जाड रबरी हातमोजे, चष्मा

रबर कपलिंग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे सहसा नसतं. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात बघा किंवा ऑनलाइन मागवा. पण ते हातात आल्याशिवाय पॅन फोडू नका, कारण मिस्त्री थांबायला तयार नसतो आणि सिमेंट त्याच्या घमेल्यात कालवलेलंच असतं.

७. पाइप सोडवणं

बिडाचा पाइप मधून कापण्यापेक्षा सॉकेटातून सोडवणं चांगलं. सॉकेटचं तोंड नेहमी पाणी येतं त्या बाजूला असतं, म्हणजे उभ्या पाइपात वर आणि आडव्यात संडासाकडे. त्यामुळे तुमच्या बाजूचा तुकडा ओढून काढला की पुढे धड सॉकेट उरतं. शिशाला ड्रिलने भोकं पाडून छिन्नीने कडं उचकटा, मग तागाचा पीळ आकड्याने ओढा. बंद संडासात ब्लो-टॉर्च लावून शिसं वितळवू देऊ नका. धूर विषारी असतो, आणि ओल्या जोडावर वितळलेलं शिसं पडलं तर ते फाटकन उडून अंगावर येतं.

छिन्नीवर घाव हलके हवेत. बीड वाकत नाही, तडकतं, आणि तडा सॉकेटात गेला तर काम एका घराचं न राहता सोसायटीचं होतं.

उभ्या पाइपात नवा वाय (तिरक्या फाट्याचा जोड) घालायचा असेल तर कापण्याआधी वरच्या भागाला आधार द्या. सहा फुटी बिडाचा तुकडा वीस किलोच्या आसपास भरतो आणि तुमच्या वर असे कित्येक तुकडे आहेत. भिंतीतले जुने खिळे आणि पाइपाचे कान त्यांना धरून ठेवतील असं गृहीत धरणं म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाशी जुगार खेळणं. वरच्या सॉकेटाखाली आणि खालच्या तुकड्याला नवे मजबूत क्लॅम्प मारा, मगच कापा. साखळीचा कटर मिळाला तर उत्तम, नाहीतर बीड कापायच्या पात्याचा ग्राइंडर.

एसी पाइप असेल तर कापायचा नाहीच. पाण्याने ओला ठेवा, जोडापासून जोडापर्यंतचा अख्खा तुकडा सोडवा, तो जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि त्या जागी पीव्हीसी घाला. तुकडे फोडून डेब्रिजच्या गोणीत भरू देऊ नका.

आता ज्यावर दिवसभराचा तमाशा अवलंबून आहे ते. पाइप उघडा असताना वरच्या कुणीही फ्लश करता कामा नये. जिन्यात कागद चिकटवून भागत नाही. प्रत्येक घरी जाऊन सांगा, कामाच्या सकाळी पुन्हा आठवण करा, फ्लशची टाकी वेगळी असेल तर तिची लाइन बंद ठेवा. काम अकराच्या सुमाराला काढा, सकाळची गर्दी ओसरलेली असते. तरीही वरच्या मजल्यावरच्या आजोबांना कुणी सांगितलेलं नसतंच. उघड्या तोंडाखाली मोठी बादली ठेवा.

८. जोडणी

सिमेंट का नको, ते एकदा समजून घ्या. पीव्हीसी उन्हाने आणि गरम पाण्याने बिडापेक्षा सुमारे सहापट जास्त पसरतं. तीन मीटरचा पाइप, तापमानात ३० अंशांचा फरक, तर पीव्हीसी सहा मिलिमीटरच्या आसपास हलतं, बीड जेमतेम एक. शिवाय पीव्हीसी गुळगुळीत, सिमेंट त्याला धरतच नाही. पहिल्या उन्हाळ्यात केसाएवढी फट पडते. एमसीलचं तेच. चीर तात्पुरती बुजवायला ते ठीक, जोड म्हणून नाही.

बिडाचं सपाट टोक आणि पीव्हीसी: हा सगळ्यात सोपा जोड. बिडाच्या टोकावरचा रंग आणि गंज कानशीने काढून चार-पाच इंच गुळगुळीत करा. कपलिंग अर्धं बिडावर, अर्धं पीव्हीसीवर. दोन्ही पट्ट्या आलटून पालटून आवळा. कपलिंग पाइपाचं वजन उचलत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना क्लॅम्प हवेत.

बिडाचं सॉकेट आणि पीव्हीसी: सॉकेट आतून स्वच्छ करून त्या मापाची रबराची अडॅप्टर रिंग बसवा आणि तिच्यात पीव्हीसी ढकला. मापाची रिंग मिळालीच नाही, तर जुनी रीत वापरावी लागते. पीव्हीसीच्या टोकाला सोल्युशन (पीव्हीसी चिकटवायचं) लावून ओलं असतानाच त्यावर कोरडी बारीक वाळू भुरभुरवा आणि सुकू द्या. मग तागाचा पीळ ठासून वर सिमेंट भरा. वाळूमुळे सिमेंटला धर मिळतो. ही रीत मी घराच्या आत, सावलीतल्या, न हलणाऱ्या छोट्या तुकड्यालाच मान्य करेन. बाहेरच्या उभ्या पाइपाला नाही.

एसी किंवा स्टोनवेअर आणि पीव्हीसी: दोन टोकांचे व्यास वेगळे, म्हणून कमी-जास्त व्यासाचं कपलिंग लागतं. स्टोनवेअर जमिनीखाली असल्याने पट्ट्या स्टेनलेसच्याच हव्यात. शक्य असेल तर मध्येच जोड न देता नवा पाइप थेट चेंबरपर्यंत न्या. चेंबरच्या विटांतून जाणाऱ्या भागालाही सोल्युशन आणि वाळू लावा, नाहीतर भिंत आणि पाइप यांमधून पाणी झिरपत राहतं.

पीव्हीसी ते पीव्हीसी रिंगचा जोड करताना पाइप पूर्ण आत ढकला, कडेला पेन्सिलने खूण करा आणि दहा मिलिमीटर मागे ओढा. ती जागा पसरायला. नव्वद टक्के मिस्त्री हे करत नाहीत असं मी बिनदिक्कत म्हणेन, आकडा माझा, राग त्यांनी माझ्यावर काढावा.

आडव्या पाइपाला उतार द्या, मीटरला अडीच सेंटिमीटर धरून चाला. उभ्याला मिळताना काटकोनी टी नको, वाय किंवा वळणदार टी घ्या. आणि झाकणाचं तोंड भिंतीत गाडू नका, पाना पोचेल अशा बाजूला ठेवा.

९. चाचणी

टाइल्स बसण्याआधी. आडव्या पाइपाचं उभ्याकडचं तोंड टेस्ट प्लगने, म्हणजे तात्पुरत्या बुचाने, बंद करा, पॅनच्या पातळीपर्यंत पाणी भरा आणि तासभर ठेवा. प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राचा कोरडा कागद गुंडाळा, थेंबभर ओलही त्यावर लगेच दिसते. अख्खा जुना उभा पाइप मात्र पाण्याने भरून तपासू नका. दहा मीटर पाण्याचा दाब तळाच्या जोडावर आला की इतकी वर्षं तग धरलेलं शिसं त्याच दिवशी सुटेल. उभ्यासाठी वरून दोन-तीन बादल्या एकदम ओतून खालचे जोड बघणं पुरे.

१०. उरलेली कामं

बाहेरच्या पीव्हीसीला रंग मारा, उन्हाने तो ठिसूळ होतो. झाकण आणि जोड कुठे आहेत याचे पट्टी लावलेले फोटो काढून एक प्रत सोसायटीच्या फायलीत द्या. निघालेलं बीड आणि शिसं भंगारात चांगल्या भावाने जातं आणि ते कुणाचं, हे आधी ठरलेलं नसेल तर प्लंबरच्या पिशवीतून जातं. उभ्या पाइपाचा तुकडा सोसायटीचा, घरातला तुमचा. महिन्याभराने कपलिंगच्या पट्ट्या एकदा पुन्हा आवळून घ्या, रबर बसल्यावर त्या थोड्या सैल होतात.